घरी शिवा लग्नाचा पांढरा गाऊन: मांजरपाटापासून ट्रेलपर्यंत

वसईत, गोव्यात, मुंबईच्या ख्रिस्ती घरांत लग्न ठरलं की गाऊनचा विषय निघतोच. घरात बसून वधूचा पोशाख शिवणं आपल्याकडे नवं नाही; गोव्यात वधूचा लाल साडो बेतायला दर्जी घरी बोलवण्याची रीत जुनीच आहे. ज्यांना अस्तराचा प्रिन्सेस कट ब्लाउज नीट शिवता येतो, त्यांना गाऊनही शिवता येईल. साधी सरळ टीप मारणारं काळं पायमशीन असलं तरी पुरतं.

गाऊनची खरी अडचण त्याच्या वजनाची आहे. सॅटिन, नेट, अस्तर, लेस आणि मोती मिळून दोन-तीन किलो सहज भरतात. ब्लाउज किंवा कुर्ता खांद्यावर लटकतो. गाऊन तसा लटकवला तर तासाभरात गळा खाली ओढला जातो, खांद्याची नेट उसवते आणि वधू दिवसभर गळा वर ओढत राहते. गाऊनचं वजन कंबरेनं उचललं पाहिजे. पुढची बरीचशी कामं ह्याच एका गोष्टीसाठी आहेत, म्हणून त्यातलं एकही गाळू नका.

इथे घेतलेला नमुना असा: प्रिन्सेस कट बॉडी, कंबरेला जोड, सात कळ्यांचा घेर, वर नेटचा थर, नेटचा योक (गळ्याखांद्यांवरचा भाग), लेसच्या बाह्या आणि मागे 20 इंचांची ट्रेल, म्हणजे मागे जमिनीवर लोळणारा घेर. पहिल्याच गाऊनसाठी मासोळी आकाराचा फिटिंगचा घेर निवडू नका. त्यात मांडीपर्यंत फिटिंग साधावं लागतं आणि चुकलं तर वधूला चालताही येत नाही. काही चर्चमध्ये उघडे खांदे चालत नाहीत, त्यामुळे गळा आणि बाही ठरवण्याआधी फादरना विचारून घ्या.

किती आधी सुरुवात करायची

बारा ते चौदा आठवडे हाताशी ठेवा. आगमनकाळ आणि उपवासकाळ टाळून बरीच लग्नं नाताळनंतर, जानेवारी-फेब्रुवारीत येतात. जानेवारीचं लग्न असेल तर सप्टेंबरमध्ये कापड घरात हवं. म्हणजे सुरुवातीचं काम दमट हवेत होणार. अशा हवेत टाचण्या गंजतात आणि पांढऱ्या सॅटिनवर पडलेला गंजाचा ठिपका पुन्हा निघत नाही. नव्या स्टीलच्या बारीक टाचण्या घ्या आणि काम थांबवताना एकही टाचणी कापडात ठेवू नका.

सामान

आकडे पुढच्या मापांच्या वधूसाठी आहेत: छाती 36, कंबर 30, सीट 38, कंबरेपासून जमिनीपर्यंत (लग्नाचे सँडल घालून) 42 इंच.

- मांजरपाट: 3 मीटर
- सॅटिन: 58 इंची पन्ना असेल तर 6 मीटर, 44 इंची असेल तर साडेआठ मीटर
- मऊ नेट, 58 इंची: 6 मीटर, योक आणि बाह्यांसाठी त्वचेच्या रंगाची नेट 1 मीटर
- घेराचं अस्तर, क्रेप, 44 इंची: साडेचार मीटर
- बॉडीच्या आतल्या सांगाड्यासाठी जाड सुती पॉपलिन: दीड मीटर
- कॉर्डची लेस (कापडाच्या रूपातली, फुलं कापून घेता येतील अशी): 2 मीटर
- शिवता येणारं प्लॅस्टिकचं बोनिंग (बॉडी ताठ ठेवणाऱ्या काड्यांची पट्टी): 3 मीटर
- 1 इंच रुंदीची, अजिबात न ताणणारी फीत: 1 मीटर
- तळासाठी 2 इंची क्रिनोलिन पट्टी (कडक जाळीची): 5 मीटर
- 22 इंची इनव्हिजिबल चेन, हुक, पॉलिएस्टर दोरा, 9 आणि 11 नंबरच्या सुया

मुंबईत कापडासाठी मंगलदास मार्केट आणि लेस-मोत्यांसाठी भुलेश्वर ही नेहमीची ठिकाणं. पांढऱ्यात शुभ्र, मोतिया, क्रीम अशा पुष्कळ छटा असतात. सॅटिन, नेट आणि लेस एकाच फेरीत घ्या, दुकानाबाहेर उन्हात एकावर एक ठेवून बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेली लेस चर्चच्या पायऱ्यांवर पिवळी दिसू शकते. त्वचेच्या रंगाची नेट हातावर ठेवून पाहू नका, वधूच्या गळ्याखाली धरा. हात बहुतेक जास्त रापलेले असतात. सॅटिन जरा जाडच घ्या. पातळ, लुळं सॅटिन स्वस्त पडतं, पण आतल्या प्रत्येक मायेचा (शिलाईबाहेर सोडलेल्या जास्तीच्या कापडाचा) वण बाहेर दाखवतं.

मापं

लग्नाच्या दिवशी घालायचीच ब्रेसियर आणि तेच सँडल घालून मापं घ्या. कंबर डोळ्यांनी ठरवू नका. कंबरेला बारीक इलॅस्टिक बांधा, वधूला दोन्ही बाजूंना वाकायला सांगा. इलॅस्टिक जिथे स्थिरावेल ती कंबर. ते तसंच ठेवून बाकीची मापं घ्या: छाती, छातीखालचा घेर, सीट, खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंत, दोन टोकांमधलं अंतर, खांद्यापासून कंबरेपर्यंत पुढून आणि मागून वेगवेगळं, मुंढा, कोपर वाकवून दंड, आणि कंबरेपासून जमीन पुढून, बाजूनं, मागून.

बॉडीत छातीला दीड इंच आणि कंबरेला पाऊण इंच सैल ठेवा. त्याहून सैल ठेवली तर आतली फीत आणि बॉडी वेगवेगळ्या हलतात.

मांजरपाटाची ट्रायल

ही पायरी वेळखाऊ वाटते म्हणून नवखे लोक ती टाळतात आणि मग सॅटिन उसवत बसतात. सॅटिनवर उसवलेल्या टिपेची भोकं दिसतात, त्यामुळे तिथे चुकायला जागा नसते. सगळ्या चुका मांजरपाटावर करून घ्यायच्या.

मांजरपाट आधी धुऊन इस्त्री करा, नाहीतर ट्रायलनंतर आटेल. वधूला नीट बसणाऱ्या प्रिन्सेस कट ब्लाउजवरून कागदावर आकृती काढा आणि ती कंबरेपर्यंत वाढवा. सगळीकडे 1 इंच माया ठेवून कापा. प्रत्येक भागावर पेन्सिलीनं उभा धागा, छातीची रेघ आणि कंबरेची रेघ काढा. मशीनची सर्वात मोठी टीप लावून जोडा, खाली घेराचा फक्त वरचा 12 इंचांचा भाग लावा.

वधूनं घातल्यावर आधी रेघा बघा. छातीची आणि कंबरेची रेघ जमिनीला समांतर हवी. मग सुरकुत्या बघा:

छातीच्या टोकाकडून काखेकडे किंवा कंबरेकडे तिरप्या ओढी दिसत असतील तर छातीला कापड कमी पडतंय. पाठीत कंबरेच्या वर आडवी घडी साचत असेल तर पाठ लांब झालीय. घडी टाचून तेवढी उंची कागदावर मध्यभागी कमी करा आणि बाजूच्या शिलाईकडे शून्यावर आणा. गळा पुढे उघडा पडत असेल तर प्रिन्सेस शिलाईत वरच्या टोकाला 2-3 सूत (1 सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चिमटा घ्या. आडव्या ताणलेल्या सुरकुत्या म्हणजे सरळ सरळ घट्ट.

उभं राहून छान बसलं की काम झालं असं समजू नका. वधूला खुर्चीवर बसवा, हात वर करायला सांगा, कुणाला तरी मिठी मारायला लावा आणि गुडघे टेकायला लावा. मिस्सामध्ये गुडघे टेकायचे असतात आणि नेमकं तेव्हाच काखेत व पाठीत कापड ओढलं जातं. मिठी मारताना बाही ओढली गेली तर मुंढा खाली नेऊ नका. हे उलटं वाटेल, पण मुंढा जितका वर आणि काखेजवळ, तितका हात मोकळा वर होतो. बदल बहुतेक बाहीत करावा लागतो: बाहीची टोपी (मुंढ्यात बसणारा वरचा गोल भाग) अर्धा इंच कमी उंच आणि थोडी रुंद करा.

सुधारलेला मांजरपाट उसवा, इस्त्री करा आणि त्याचाच नमुना वापरा. बदल मोठे असतील तर दुसरी ट्रायलही करा.

कळ्यांचा हिशेब

कंबर 30 अधिक पाऊण, म्हणजे 30¾ इंच. तिचे सहा भाग केले की एक भाग 5 इंच 1 सूत. समोरची मधली कळी एक भाग, बाजूच्या चार कळ्या एकेक भाग, आणि मागच्या दोन कळ्या अर्धा-अर्धा भाग, कारण मधे चेन येते. तळाला पाच पूर्ण कळ्या 24 इंच आणि मागच्या दोन 18 इंच. एकूण घेर 156 इंच. जिथे सीटचं माप येतं तिथे, म्हणजे कंबरेखाली 8 इंचांवर, हा घेर पन्नास इंचांच्या पुढे जातो, त्यामुळे 38 सीटला काही अडचण नाही.

कळीच्या मधे 42 इंच लांबी घेतली तर तिच्या तिरप्या कडा साधारण 43 भरतात. म्हणून तळ सरळ कापायचा नाही, दोन्ही टोकांना 1 इंच वर उचलून गोलाई द्यायची, म्हणजे कडाही 42वर येतात. ही गोलाई विसरली तर प्रत्येक जोडापाशी गाऊनला टोक लोंबतं.

ट्रेलची वाढ बाजूच्या मागच्या कळीपासून सुरू करा: तिची पुढची कड 42, मागची कड 50, मागच्या कळीची बाजूची कड 50 आणि मधली 62. शेजारच्या दोन कडा एकाच लांबीच्या हव्यात, हे कापण्याआधी कागद एकमेकांना लावून तपासा.

कापणं

जमिनीवर धुतलेली सुती चादर अंथरा, तिच्यावर सॅटिन एकेरी पसरा. दुहेरी घडी घालून कापलं तर खालचा थर सरकतो आणि दोन्ही बाजू असमान निघतात. सगळ्या कळ्यांचं कंबरेकडचं टोक एकाच दिशेला ठेवा. कापड वाचवायला एक सुलटी, एक उलटी लावली तर सॅटिनची चमक बदलते, आणि फोटोत एक कळी उजळ तर शेजारची मळकट दिसते. वर दिलेलं 6 मीटरचं माप ह्या एकाच दिशेच्या कापणीसाठीच आहे. नेटला चमकेची दिशा नसते, तिच्या कळ्या उलटसुलट लावल्या तरी चालतं.

माया बाजूच्या शिलाईला आणि मागच्या उघड्या कडेला 1 इंच, कंबरेला पाऊण, बाकी अर्धा इंच. कळ्यांनाही प्रत्येक कडेला 1 इंच ठेवा. वधूचं वजन लग्नापर्यंत बदलतं, तेव्हा ही माया कामी येते. खुणांसाठी मेणाचा खडू नको, त्याचा डाग इस्त्रीनं पसरतो. पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके घाला. टाचण्या फक्त मायेत टोचा.

शिवण्याआधी मशीन

मशीनला तेल दिलं असेल तर आधी जुन्या पांढऱ्या चिंधीवर दहा-पंधरा मिनिटं नुसती टीप मारा, तेलाचा ठिपका येत नाही ना बघा. नवी 11 नंबरची सुई लावा, नेट आणि पातळ अस्तराला 9. बोथट सुई सॅटिनचा धागा ओढते आणि टिपेच्या दोन्ही बाजूंना आडवी रेघ उमटते. अशी रेघ दिसली की लगेच सुई बदला. टीप सव्वादोन-अडीच मिलिमीटर, दोऱ्याचा ताण थोडा सैल. नेट मशीनच्या दातात अडकत असेल तर खाली टिश्यू पेपर ठेवून शिवा आणि मग तो फाडून काढा. हात दर थोड्या वेळानं धुवा, अंगठी-बांगड्या काढून ठेवा.

इस्त्री उलट बाजूनं, वर मलमल ठेवून. सॅटिनवर पाण्याचा थेंब पडला तरी डाग राहू शकतो, म्हणून वाफ आधी तुकड्यावर तपासा. माया उघडून इस्त्री करताना तिच्याखाली कागदाची पट्टी सरकवा, नाहीतर सुलट बाजूला मायेची कड उमटते.

बॉडी आणि तिचा सांगाडा

बॉडी तीन थरांची: बाहेर सॅटिन, मधे पॉपलिनचा सांगाडा, अंगाला लागणारं अस्तर.

प्रिन्सेस शिलाई जोडताना समोरच्या मधल्या भागाच्या गोलाईवर मायेच्या आत आधी एक टीप मारा आणि त्या टिपेपर्यंत अर्ध्या-अर्ध्या इंचावर कात्र्या द्या. मग तो भाग बाजूच्या फुगीर भागावर सहज वळतो. शिवताना हा कात्र्यांचा भाग वर ठेवा. छातीच्या टोकाच्या वर-खाली दोन-दोन इंच हळू चालवा, इथेच चुण्या पडतात. शिलाई झाल्यावर फुगीर भागाच्या मायेत त्रिकोणी खाचा कापा आणि उशीवर किंवा गुंडाळलेल्या टॉवेलवर ठेवून इस्त्री करा. सपाट टेबलावर केलीत तर छातीचा आकार दाबला जातो.

पॉपलिनचा सांगाडाही ह्याच नमुन्यानं शिवा आणि त्याच्या मायेवर बोनिंग लावा. आठ काड्या: समोरच्या दोन प्रिन्सेस शिलाया, दोन बाजू, मागच्या दोन प्रिन्सेस शिलाया आणि चेनच्या दोन्ही बाजू. प्रत्येक काडी शिलाईपेक्षा वर-खाली 2 सूत आखूड कापा, टोकं मेणबत्तीवर किंचित तापवून गोल करा आणि त्यांवर कापडाची टोपी शिवा. उघडं टोक दोन तासांत कापडातून बाहेर येतं आणि अंगात रुततं. समोरच्या काड्या छातीच्या टोकाच्या 1 इंच खाली थांबवा.

आता ती फीत, जिच्यावर सगळं वजन तोलायचं. वधूच्या कंबरेच्या मापापेक्षा 1 इंच आखूड, अधिक दोन्ही टोकांना दुमडायला जागा. ती सांगाड्याच्या आत, बरोबर कंबरेच्या रेघेवर, फक्त उभ्या शिलायांच्या मायेला हातानं पक्की करा. चेनच्या दोन्ही बाजूंना शेवटचे 3 इंच मोकळे सोडा आणि टोकांना दोन मोठे हुक लावा. गाऊन घालताना आधी ही फीत लावायची आणि मग चेन ओढायची. फीत बसली की घेराचं वजन तिथे थांबतं, चेनवर ताण येत नाही, आणि वरची नाजूक नेट नुसती दिसण्यापुरती राहते.

अस्तर गळ्याला जोडल्यावर माया अस्तराकडे वळवून कडेपासून अर्धा सूत अंतरावर टीप मारा, म्हणजे अस्तर बाहेर डोकावत नाही.

घेर, चेन, तळ

कळ्या तळाकडून कंबरेकडे शिवा. तिरपी कड ओढू नका, कापड हातात नुसतं धरा आणि मशीनला नेऊ द्या. मागची मधली शिलाई कंबरेखाली 8 इंच उघडी ठेवा, तेवढी नसेल तर गाऊन सीटवरून उतरत नाही. कडांना दुकानातून इंटरलॉक करून घ्या. नेटच्या कडा निसटत नाहीत, त्यांना पिको करू नका, कड लाटांसारखी होते.

सॅटिन आणि नेटचा घेर कंबरेला कच्च्या टाक्यांनी एकत्र धरून बॉडीला जोडा. चेन लावताना कंबरेच्या जोडाची माया आधी पायऱ्यांसारखी कमी-जास्त कापून पातळ करा. जाड जोडावर इनव्हिजिबल चेन अडकते आणि ऐन वेळी तिथेच फाटते. वजन बदलण्याची शक्यता असेल तर चेनऐवजी लूप आणि डोरी लावा, तिच्यात दोन इंचांची सोय राहते.

तळ लगेच शिवू नका. गाऊन कंबरेला फिती लावून दोन दिवस टांगून ठेवा, दमट दिवस असतील तर चार. तिरप्या कडा ह्या काळात खाली उतरतात, काही ठिकाणी अर्धा इंचसुद्धा. मग वधूला सँडल आणि आतला पेटीकोट घालून उभं करा आणि पट्टी जमिनीवर उभी ठेवून ट्रेल सोडून बाकी सगळीकडे जमिनीपासून पाऊण इंच वर खूण करा. वधूनं खाली वाकून बघायचं नाही. ती वाकली की समोरचा घेर खाली येतो आणि खुणा चुकतात. तळाला क्रिनोलिन पट्टी लावून आत वळवा आणि हातानं तुरपाई करा. टाका सॅटिनच्या एकाच धाग्यातून जायला हवा. नेट फक्त कात्रीनं एकसारखी कापायची.

कॅनकॅन (घेर फुगवणारी कडक नेट) गाऊनला जोडण्यापेक्षा वेगळा पेटीकोट करा. 12 इंचांचा सुती योक, त्याचा खालचा घेर 42. त्याला 84 इंचांची 13 इंच उंच कडक नेट चुण्या घालून, आणि तिला 168 इंचांची तेवढीच उंच दुसरी झालर. नेटचे दोन-दोन थर लावायला 4 मीटर पुरते. योकला नाडी नको, चपटा पट्टा आणि हुक लावा, नाहीतर कंबरेला गाठ उठून दिसते. नेटच्या आत मऊ अस्तर हवंच. कडक नेट पाय ओरबाडते.

लेस आणि ट्रेल

लेसची फुलं शेवटच्या फिटिंगनंतरच लावा. गाऊन वधूच्या अंगावर असताना फुलं टाचून बघा, कारण टेबलावर मधोमध दिसलेलं फूल अंगावर भलतीकडे येतं. शिलाईपाशी येणारं फूल तिथेच कापू नका, शिलाईवरून पुढे नेऊन शिवा. मग योक आणि बॉडीचा जोड दिसतच नाही. टाके बारीक, फुलाच्या कडेनं, एक-एक सेंटीमीटरवर. मोती काखेत आणि बाहीच्या आतल्या बाजूला लावू नका. दर चार-पाच मोत्यांनंतर गाठ मारा, म्हणजे एक तुटला तर ओळ सांडत नाही.

चर्चनंतर ट्रेल पायात येते. तिच्या आतून मध्यावर आणि दोन्ही बाजूंना दोऱ्याचे तीन भक्कम लूप करा, बाहेर कंबरेखाली लेसमध्ये लपतील अशी तीन बटणं लावा. हे लूप-बटणं जुळवणं करवलीला आदल्या दिवशी दोन-तीनदा करून बघायला सांगा.

तयार गाऊन धुतलेल्या पांढऱ्या सुती चादरीत गुंडाळून, रुंद हँगरला कंबरेच्या फितींनी टांगा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो आणि पांढरं कापड पिवळं पडतं. डांबराच्या गोळ्यांचा वास सॅटिनमधून लवकर जात नाही. लग्नाच्या दिवशी बरोबर ओवलेल्या दोन सुया, दोन जास्तीचे हुक, छोटी कात्री आणि टाल्कम पावडर ठेवा. लिपस्टिक किंवा तेलाचा डाग पडला तर चोळू नका, टिश्यूनं टिपा आणि वर पावडर दाबा. पाच मिनिटांनी झटकली की तेल बरंचसं तिच्यात उतरलेलं असतं.